कोथरूडच्या दारावरचं नाव

शैलेंद्र पुण्यात राहतो, असं त्याच्या ऑफिसातली सगळी माणसं समजून होती. आणि उज्जैनच्या कार्तिक चौकामागच्या गल्लीतली सगळी माणसं त्याला रोज सकाळी बनियनवर दुधाची पिशवी घेऊन येताना पाहत होती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या म्हणजे घरात काय काय करावं लागतं, ते त्याच्या आईला, अनसूयाबाईंना विचारावं.

त्यांची पूजा मुळातच हळू आवाजातली. आता ती नुसत्या ओठांवर आली होती. कुकरच्या शिट्ट्या नऊच्या आत उरकायच्या. मधल्या खोलीच्या दाराला टॉवेल अडकवलेला दिसला की आत फोन चालू आहे असं समजायचं आणि भांडंसुद्धा पदरात धरून ठेवायचं. भाजीवाला भोंगा लावून "गिलकी ले लो, पालक ले लो" करत आला की अनसूयाबाई लगबगीनं जिना उतरायच्या आणि गरज नसताना पावशेर गिलकी, म्हणजे आपली घोसाळी, घ्यायच्या, एवढ्यासाठी की त्यानं पुढच्या गल्लीला लागावं. गिलकीची भाजी खाऊन शैलू इतका कंटाळला होता की एकदा म्हणाला, "आई, त्यापेक्षा त्याला गप्प बसायचे महिन्याचे पैसे देऊन टाकू."

समोरच्या घरातल्या अलकाला मात्र गप्प करायची सोय नव्हती. ती गॅलरीत उभी राहून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं विचारायची, "काय रे शैलू, आज पण घरीच? असं ऑफिस आमच्या ह्यांना पण बघ की कुठं." मग अनसूयाबाई इकडून नुसता हात हलवायच्या, आणि अलका जीभ चावून आत जायची. गल्लीला एवढंच ठाऊक होतं की शैलूचं काम घरून चालतं आणि फोनवर असताना आवाज झालेला त्याच्या साहेबांना खपत नाही. त्यामागची गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

गोष्ट अशी होती. शैलूची कंपनी विम्याची कामं करायची. दवाखान्यांची बिलं तपासायची, आजाऱ्याच्या घरी फोन लावून मराठीतून चार गोष्टी विचारायच्या, आणि पैसे द्यायचे की नाही ते लिहायचं. करोनात सगळ्यांना घरी पाठवलं तेव्हा तोही पुण्याहून उज्जैनला आला. पुढं कंपनीनं शहरांचे वर्ग पाडले. पुणे पहिल्या वर्गात, नागपूर दुसऱ्यात, उज्जैन तिसऱ्यात. काम तेच, माणूस तोच, पण तो कुठं बसून ते करतो त्यावर पगार. तिसऱ्या वर्गातल्याला पहिल्याच्या निम्माही नाही. ज्याला पुण्याचा पगार हवा त्यानं पुण्यात राहायचं, घरून काम केलं तरी चालेल, आणि मधूनमधून ऑफिसात तोंड दाखवायचं.

शैलूनं कोथरूडच्या आपल्या मित्राशी, सुमीतशी बोलणी केली. सुमीतच्या दारावर त्याच्या नावाखाली शैलेंद्रचं नाव लागलं, आणि त्या नावाचं दरमहा भाडं सुरू झालं. खोलीचं नाही, नुसत्या नावाचं. बोलावणं आलं की शैलू रात्रीच्या गाडीनं पुणं गाठायचा, दोन दिवस ऑफिसात हसूनखेळून राहायचा आणि परत यायचा. स्थळं पाहणाऱ्या काकांनी एकदा विचारलं, "मुलगा पुण्याचा सांगू की उज्जैनचा?" तेव्हा मायलेक एकमेकांकडे बघत राहिले होते.

हे सोडून द्यावं, मिळेल त्यात भागवावं, असं अनसूयाबाईंना सुरुवातीला वाटे. पण महाकालाच्या देवळाभोवती महाकाल लोक हे नवं भव्य आवार झालं आणि आसपासच्या जागेला सोन्याची किंमत आली. घरमालक माणिकलालजी बापाच्या वयाचा, भला माणूस. हात जोडून म्हणाला, "माताजी, आपको कौन निकाल रहा है, साल दो साल आराम से रहो." मतलब त्यानंतर जा. ह्या मजल्याचं ते महिनाभराचं जेवढं भाडं देत, तेवढं त्याला यात्रेकरूंकडून एका शनिवार-रविवारात मिळणार होतं. दुसरीकडे भाड्याचं घर बघायला गेले तर तिथंही हीच तऱ्हा. शेवटी शैलूनं इंदूर रोडला फ्लॅट घेतला, ताबा अजून मिळायचा होता. त्याची किंमत ऐकून सुमीत फोनवर हसला होता, "अरे, एवढ्यात तर आमच्याकडे पण बघता आलं असतं." उज्जैनच्या जमिनीला पुण्याचा भाव आला होता, माणसाला मात्र उज्जैनचाच राहिला होता. हप्ता पुण्याच्या पगारातूनच फिटणार. तो पगार गेला की फ्लॅट गेला, आणि शैलूला सगळं सोडून नोकरीसाठी खरोखरीच पुण्याला जावं लागणार.

अनसूयाबाईंना त्यातलं शेवटचंच तेवढं भिववायचं. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी महाकालाला सांगितलं होतं, लेकरू डोळ्यांसमोर ठेव, बाकी काही मागत नाही. देवानं ठेवलं. रोज पहाटे राम घाटावर जाऊन शिप्रेचं पाणी आणायचं, मातीची पिंडी करायची, पूजून सोडून द्यायची, हा त्यांचा नेम आधीपासून होता. शैलू आल्यावर त्यांनी त्यात एक भर घातली. दोन्ही श्रावण धरायचे.

इकडच्या लोकांचा श्रावण गुरुपौर्णिमा झाली की लागतो, आपला मराठी माणसांचा दिव्यांच्या अवसेनंतर. मधे पंधरा दिवसांचं अंतर. उज्जैनची मराठी घरं उपासतापास आपल्याच हिशोबानं करतात. पण महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, इकडचा श्रावण लागला की निघते ती आपला श्रावण संपेस्तोवर दर सोमवारी निघते. देव दोन्ही मानतो, मग मी एक कसा सोडू, असं म्हणून अनसूयाबाई सगळे सोमवार करायच्या. आणि आईनं उपास धरला की शैलूही धरायचा. तेवढंच तिला बरं वाटतं म्हणून.

त्या वर्षी इकडच्या श्रावणाचा पहिला सोमवार होता. दुपारी ऑफिसातली सगळी मंडळी कॅमेऱ्यावर जेवत जेवत गप्पा मारत होती. अनसूयाबाई मोरधनाची, म्हणजे वरईची, खिचडी घेऊन दाराशी उभ्या होत्या, टॉवेल काढायची वाट बघत. आतून हर्षल नावाच्या नव्या मुलाचा आवाज आला, "शैलेंद्रसर, पुढच्या शुक्रवारी गटारीला येताय ना? मटणाचं मी बघतोय. आणि तुमच्या ताटात काहीच कसं नाही आज?"

"आज नाही रे. श्रावणी सोमवार ना, उपास आहे," शैलू म्हणाला.

चूक आधी दाराशी उभ्या अनसूयाबाईंना कळली, मग त्याला.

"सर, आषाढ आहे अजून," हर्षल हसत म्हणाला. "श्रावण असता तर मी मटणाचं विचारलं असतं का? आईनं कानफटात दिली असती." बाकीचेही हसले. कुणी म्हणालं, सर आत्तापासून सराव करतायत. शैलूही हसला. एक बाईमाणूस तेवढं हसलं नाही. शैलूच्या वरच्या जागेवरच्या अमृता मॅडम. त्या म्हणाल्या, "चला, जेवणं झाली असतील तर कामाला लागू या."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. शैलूनं दार उघडून आईला आत बोलावलं, जवळ बसवलं आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. लहानपणी शाळेतून तक्रार आली की असाच आईला चिकटून बसायचा.

"शैलेंद्र, माझी आजी माळव्यातली, देवासची," मॅडम म्हणाल्या. आवाज गोड, घाई नसलेला. "सुट्टीत तिच्याकडे गेलं की आम्हाला दोनदा सोमवार घडायचे. आम्ही कुरकुर करायचो."

शैलूनं आईचा हात धरला.

"अरे, घाबरू नकोस. मी काही ऐकलेलं नाही. काम चांगलं करतोस, मला त्याच्याशी मतलब. पण आता बोलतोच आहोत तर एक सांग. मला मराठी बोलणारी माणसं हवी आहेत. पदवी झालेली, घरी बसून काम करणारी. नागपूरची मुलंसुद्धा आता पुण्याचे आकडे बोलतात. तुझ्या तिकडे असतील ना?"

"असतील, मॅडम."

"कितीत येतील?"

"बघून सांगतो."

"सकाळपर्यंत सांग, मला वर द्यायचंय. तुझं नाव त्यात कुठं येणार नाही. तू तर पुण्यात आहेस." आणि त्या छानपैकी हसल्या.

फोन ठेवल्यावर शैलूनं कपाळ पुसलं. "वाचलो," म्हणाला. अनसूयाबाईंनी देवघराकडे हात जोडले. मग शैलू म्हणाला, "समोरची अपूर्वा बी.कॉम. झाली ना गं? वीस हजार सांगू?"

अनसूयाबाईंना अपूर्वाचा लळा होता. अलकाची मुलगी, पण आवाज आईच्या अगदी उलट. टावर चौकातल्या एका कोचिंग क्लासात ती मुलांना शिकवायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि नऊ हजार आणायची. तिचं भलं होत असेल तर ते आपल्या हातून निसटू नये, एवढंच त्यांच्या मनात आलं. मागायची वेळ आली की अनसूयाबाईंचा हात आपोआप आखडायचा. देवापाशी तसंच, वाण्यापाशी तसंच, माहेरी भाऊबिजेलाही तसंच.

"वीस कोण देतं रे इथं?" त्या म्हणाल्या. "ऐकून दुसऱ्या गावाला जातील. नऊवर राबते आहे ती. चौदा म्हण. चौदा मिळाले तर अलका सत्यनारायण घालेल."

"चौदा?"

"जास्त मागून हातचं जायला नको."

शैलूनं चौदा लिहून पाठवलं.

मॅडमचं काम चटपट होतं. आपला श्रावण लागला तोवर उज्जैनची सहा मुलंमुली कामाला लागली होती, सगळी चौदावर. अपूर्वा त्यातलीच. अलका पेढे घेऊन जिना चढून आली आणि टॉवेल दिसत असूनही हळू बोलायचं विसरली. "ताई, तुमच्या शैलूचे उपकार कसे फेडू? ह्या गल्लीत कोण कुणासाठी करतं? चौदा, ताई, आणि पंख्याखाली बसून. कोचिंगवाला तर मुलीला खडूची धूळ खायला लावून नऊ देत होता, ते पण रडून रडून."

"अगं, बस कर," अनसूयाबाई म्हणाल्या. "तिचं तिनं मिळवलं." पेढा त्यांनी हातात घेतला. आधी देवाला म्हणून ठेवून दिला, संध्याकाळी देवापुढे ठेवला, आणि त्या दिवशी त्यांना खूप बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी अपूर्वा पहाटे त्यांच्याबरोबर घाटावर आली. काम दहाला सुरू व्हायचं, तोवर मोकळी असते म्हणाली. शिप्रेला पाणी चढलं होतं, खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. पंडे यजमान गोळा करत होते. अनसूयाबाईंनी कळशी भरली, आणि वर येऊन दोघी जरा टेकल्या.

"काकू, एक विचारू? रागवाल."

"मी कधी रागावले तुझ्यावर?"

"माझ्याबरोबर एक हर्षल म्हणून आहे. पुण्याचा. माझ्यापेक्षा चार महिने आधी लागला असेल. आम्हाला एकच काम, एका फाइलीत अर्धे दावे त्याचे अर्धे माझे. त्याचे चुकले की मलाच सुधारायला देतात. तो काल रडून राहिला होता की भागत नाही. मी विचारलं किती मिळतात. बत्तीस."

अनसूयाबाईंनी कळशी जवळ ओढून घेतली.

"मी काहीच बोलली नाही. म्हटलं, भैया, बत्तीसमध्ये भागत नाही तर तू राहतोस कुठं, राजवाड्यात? तर म्हणाला, तीन जण एका खोलीत. अर्धे तर खोलीलाच जातात." अपूर्वानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि काकू, आमची यादी आहे ना नावांची, त्यात शैलूदादाच्या नावापुढे पुणे लिहिलंय."

इतके दिवस ज्याची भीती होती ते असं घाटाच्या पायरीवर, मऊ आवाजात समोर आलं.

"मी कुणाला सांगणार नाही," अपूर्वा घाईघाईनं म्हणाली. "आईला तर अजिबात नाही. तिला सांगितलं की बातमी गोपाल मंदिरापर्यंत जाईल. मला फक्त एवढं विचारायचं होतं, हे चौदा कुणी ठरवले? मॅडम म्हणते, उज्जैनचा हाच रेट आहे. कुणी सांगितला असेल तिला?"

दादानं सांगितला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण हातात शिप्रेच्या पाण्यानं भरलेली कळशी होती.

"मी सांगितला," अनसूयाबाई म्हणाल्या. "शैलू वीस म्हणत होता. मी म्हटलं चौदा. मला वाटलं, वीस ऐकून ते तुला घेणार नाहीत."

आता ही रडेल, नाहीतर उठून जाईल, असं त्यांना वाटलं. उठून गेली असती तर बरं झालं असतं. अपूर्वा हसली. मनापासून, दात दिसतील अशी.

"काकू, तुम्ही चौदा तरी सांगितलेत. मला विचारलं असतं तर मी बाराला पण हो बोलली असती."

मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. ती खालचा आवाज करून म्हणाली, "दादाला तो पत्ता कुठून मिळाला? मला पण मिळेल का? इथल्या पत्त्यावर चौदा आणि तिथल्या पत्त्यावर बत्तीस, तर माझं पण नाव लावा ना तिथं कुठं. दारावर नाही तर खिडकीवर चालेल."

"पोरी, ते तसं सुखाचं नाही."

"सुखाचं कोण मागून राहिलंय, काकू."

अनसूयाबाईंनी शैलूला विचारते म्हणून सांगितलं. घरी येऊन पिंडी केली, पण माती हाताला लागेना. दोनदा मोडली.

दुपारी टॉवेल निघाला आणि त्यांच्याआधी शैलूच बोलला. "आई, मॅडमचा फोन होता. खूश आहे. अजून दहा जण घेते म्हणते. फक्त विचारत होती, चौदाच्या खाली कुणी येईल का. तुझ्या ओळखीत, महाराष्ट्र समाजात वगैरे?"

घाटावरचं ते हसू त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. बाराला पण हो बोलली असती. खरं उत्तर ते होतं, आणि ते त्यांच्याजवळ होतं. अनसूयाबाई उभ्या जन्मात मुद्दाम खोटं बोलल्या नव्हत्या. शैलूचं पुणं त्यांनी पोटात ठेवलं होतं, पण आपल्या तोंडानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "चौदाला पण नाही येणार आता. मुलं एकमेकांत बोलतात. वीसच्या खाली कुणी तयार नाही."

"वीस?" शैलू त्यांच्याकडे बघत राहिला. "तूच तर चौदा म्हणाली होतीस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता घाटावर ऐकून आले. वीस लिही."

आईनं सांगितलं म्हणजे खरंच असणार, ह्यात त्याला शंका यायचं कारण नव्हतं. त्यानं वीस लिहून पाठवलं. मग त्यांनी अपूर्वाचं सांगितलं. तिला कळलंय म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. ती बोलणार नाही ह्याचं त्यांनी तीनतीनदा आश्वासन दिलं, तेव्हा कुठं तो पत्त्याबद्दल ऐकायला तयार झाला.

"नुसतं नाव लावून होत नाही गं. पुण्याच्या जागेला मुलाखत तिथं जाऊन द्यावी लागते. बत्तीसच्या एका जागेला तिथलीच शंभर पोरं उभी असतात. आणि सुमीत आता माझ्याच नावाचं भाडं वाढवून मागतोय. चौदातून ती त्याला काय देणार आणि अलकाकाकूला काय?" तो थांबला. "तिला सांग, दादा बघतो म्हणाला."

त्यांनी तसं सांगितलं. अपूर्वा "ठीक आहे ना काकू, टेन्शन नका घेऊ" म्हणाली आणि दहा वाजायला आले म्हणून आत गेली. त्या दिवसापासून अनसूयाबाईंचा रात्रीचा घास उतरेनासा झाला. अपूर्वाच्या खिडकीतून तिचा आवाज यायचा, "नमस्कार, मी विमा विभागातून बोलते आहे, आजी आता कशा आहेत?" आणि त्याच वेळी मधल्या खोलीतून शैलूचा, तेच शब्द, तीच विचारपूस. मधे आठ हात रुंदीची गल्ली.

शेवटचा सोमवार आला. शाही सवारीचा. सकाळपासूनच कार्तिक चौकाकडे पोलिसांनी बांबू बांधले होते आणि गावोगावची माणसं कडेला जागा धरून बसली होती. सवारी राम घाटावर पूजा होऊन दिवेलागणीच्या सुमारास इकडून वळणार होती. अनसूयाबाईंनी पूजेचं तबक भरून ठेवलं होतं.

चारच्या सुमाराला शैलू बाहेर आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला.

"बुऱ्हाणपूर," तो म्हणाला.

"काय झालं तिथं?"

"तिथं पण मराठी बोलतात ना लोक. मॅडमनी तिथं विचारलं. अकराला मिळाली. वीस ऐकल्यावर त्या म्हणाल्या, उज्जैन महाग झालं." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "दहाच्या जागी पंधरा घेतायत. त्यांना शिकवायचं काम इथल्या सहा जणांवर. शिकवून झालं की मग ह्यांचं काय ते दिवाळीनंतर बघू म्हणतात. अकरा मान्य असतील तर राहा, असं काहीतरी येईल."

अनसूयाबाई भिंतीला टेकल्या. कमी सांगितलं तेव्हा मुलीच्या गळ्यात तेवढंच अडकलं. जास्त सांगितलं तर तेही सुटायला आलं. आपण तोंड उघडलं की कुणाचं तरी वाईट होतं, असं त्यांना वाटलं. आणि सगळ्याच्या मुळाशी आपणच देवाकडे मागितलेलं एक मागणं.

"शैलू," त्या म्हणाल्या, "मी उद्यापन करते."

"कशाचं?"

"तुझ्यासाठी धरलेल्या सोमवारांचं. ब्राह्मण सांगते, जोडपी जेवायला घालते, आणि देवाला सांगते की माझं मागणं पुरं झालं, आता मुलगा डोळ्यांसमोर नसला तरी चालेल. तू पुण्याला जा. खरोखरीचा जा. मग तुला कुणाला घाबरायला नको, आणि ती बाई विचारील त्याला नाही म्हणता येईल. मी राहीन. अलका आहे समोर."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण फार मोठं काहीतरी हातातून सोडलं. डोळे भरून आले. शैलूनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नव्हती, नवल होतं.

"आई, मी तुझ्यासाठी इथं राहिलोय असं वाटत होतं तुला?"

त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"म्हणजे तू आहेस म्हणून बरंच आहे. पण जाऊ कसा? पुण्यात राहिलो तर त्या पगारात खोली, खानावळ आणि इकडचा हप्ता, तिन्ही बसत नाहीत. मी दर महिन्याला बसवून बघतो. तिथला पगार तिथं राहिलं की पुरत नाही, आणि इथं राहिलं की माझा नाही." तो उठला. "तू सोमवार कर नाहीतर सोडून दे. मी इथंच आहे."

तेवढ्यात मधल्या खोलीत फोन वाजला. त्यानं आत डोकावून नाव पाहिलं. "सहाला मीटिंग ठेवलीये. वरचे साहेब पण आहेत. बुऱ्हाणपूरचंच." मग तो खिडकीकडे वळला. चौकात ढोल-ताशांचं पथक आत्तापासूनच सराव करत होतं. "नेमकी आज. आई, मी बोलत असताना सवारी इथूनच जाईल ना?"

"सहा-साडेसहाला. इथूनच जाते."

तो दाराला टॉवेल अडकवून आत गेला.

अनसूयाबाईंनी गल्लीकडची पहिली खिडकी ओढून घेतली, कडी घातली. दुसरी फुगली होती, पावसानं लागत नव्हती, ती खांद्यानं दाबून बसवली. फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. गॅलरीचं दार लावलं आणि त्याच्यापाशी गादी उभी केली. घरात अंधार झाला आणि उकडायला लागलं. पंखा आवाज करतो म्हणून त्यांनी तोही बंद केला.

सहा वाजून गेल्यावर खालून गर्दीचा आवाज चढत आला. आधी घोडे, मग बँड, मग भजनी मंडळ्या, हे त्यांना बघावं लागत नव्हतं. आतून शैलूचा आवाज येत होता, "हो सर, पुण्यातूनच." पालखी घराखाली आली तेव्हा गादीच्या पलीकडे सगळी गल्ली एका सुरात ओरडत होती. अनसूयाबाईंनी लावलेल्या दाराकडे तोंड करून हात जोडले, आणि गादी सरकू नये म्हणून पाठ तिला लावून, आवाज पुढं जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.